काखेत कळसा

हॉस्टेलवर राहणाऱ्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? अभ्यासात, असं उत्तर देणारे महाभाग थेट शेवटच्या पानावर गेले तरी चालेल! बाकीच्यांना खरं उत्तर माहीत आहे : शोधण्यात. एका पायातला मोजा, मेसचं कार्ड, गेल्या सेमिस्टरची जर्नल, मित्राने उसना नेलेला कॅल्क्युलेटर... आणि सबमिशनच्या आदल्या रात्री 'फायनल', 'फायनल-२', 'एकदम फायनल' आणि 'हीच घ्या' या चार फोल्डरांतून खरा रिपोर्ट. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण ज्याने कुणी रचली तो नक्की हॉस्टेलवर राहिलेला असणार.

तर मित्रांनो, हा लेख शोधण्याबद्दलच आहे. फरक इतकाच की यात शोधणारा माणूस नाही.

आमचं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट म्हणजे एक छोटा व्हिडिओ गेम. चौघांचा ग्रुप. तिघांना बंदुका हव्या होत्या, मला गाव हवं होतं. मी अंबरनाथ पूर्वेच्या पालेगावचा. आता 'पालेगाव' म्हटलं की लोकांना फक्त टॉवर आठवतात, पण त्या टॉवरांच्या मधे मूळ गाव अजून आहे आणि त्या गावात आमचं घर आहे. बऱ्याच वादावादीनंतर ठरलं ते असं : खेळणारा महाशिवरात्रीच्या दिवशी पालेगावातून निघतो आणि जुन्या पायवाटेने शिवमंदिरापर्यंत चालत जातो. वाटेत ठिकाणं लागतात, आणि प्रत्येक ठिकाणी एका म्हातारीचा आवाज त्या जागेची गोष्ट सांगतो. शिवमंदिर तुम्हाला माहीत असेलच. शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलं, वालधुनी नदीच्या काठावरचं. त्याचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं. आमच्या गेमचा शेवट त्या पायऱ्यांवर होतो.

म्हातारीचा आवाज माझ्या आजीचा. गणपतीच्या सुट्टीत मी तिला ओटीवर बसवून रेकॉर्ड केलं. "त्या डबीत बोलू का तुझ्याशी बोलू?" असं विचारून ती जी सुटली ती तीन दिवस थांबली नाही. आजी आमच्या आगरी बोलीत बोलते. पाण्याला पानी म्हणते, विहिरीला बाव म्हणते, चिंचेला चिच. रेकॉर्डिंगचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला ठिकाणाचं नाव द्यायचं हे काम मी तिच्या शेजारी बसूनच केलं. कारण कुठली बाव, कुठला बांध, कुठली चिच हे तिच्याशिवाय कुणालाच सांगता येत नव्हतं. बाबांनाही नाही. त्यातल्या निम्म्या जागांवर आज पार्किंग आहे. शेवटी झाले ४३ तुकडे. प्रत्येकाचं नाव म्हणजे ठिकाण आणि पुढे क्रमांक.

दिवाळीनंतर आजीला अर्धांगाचा झटका आला. आता ती बरी आहे, जेवते, हसते, माणसं ओळखते. पण शब्द येत नाहीत. हे इथे एवढ्यासाठी सांगितलं की पुढची गोष्ट नीट कळावी. कच्चं रेकॉर्डिंग घरी पेनड्राइव्हवर आहेच. पण कुठलं वाक्य कुठल्या जागेबद्दलचं, ही माहिती फक्त त्या ४३ फाइलींच्या नावांत आहे. दुसरीकडे कुठेही नाही, आणि आता विचारून मिळणारही नाही.

आता जरा तांत्रिक. (आपल्या कॉलेजच्या मॅगझिनमध्ये एवढं तर चालायलाच हवं!)

प्रोजेक्टमध्ये आम्ही एक एआय एजंट वापरला. सरांनी परवानगी दिली होती, अट एकच : त्याने काय केलं ते प्रत्येक वेळी वहीत लिहायचं. चॅट करणारा एआय आणि एजंट यांत फरक आहे. चॅटवाला फक्त उत्तर देतो. एजंट स्वतः उठून काम करतो. फोल्डर उघडतो, फाइली वाचतो, कमांड चालवतो, कोड बदलतो, पुन्हा चालवून बघतो. पण त्याची एक मोठी अडचण आहे. एका वेळी त्याच्या डोळ्यांसमोर मावतो तेवढाच मजकूर त्याला दिसतो. सगळं प्रोजेक्ट त्याच्या डोक्यात कधीच नसतं. त्यामुळे काहीही करायचं म्हटलं की आधी तो शोधतो, आणि जे सापडतं त्यालाच तो जग समजतो.

शोधायचं हत्यार फार जुनं आहे. १९७३ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी ग्रेप लिहिलं. त्यामागची गोष्ट मजेशीर आहे. त्यांचे सहकारी ली मॅकमहॉन यांना अमेरिकेच्या राज्यघटनेच्या काळातले 'फेडरलिस्ट' निबंध तपासून कुठला निबंध कुणी लिहिला ते ठरवायचं होतं. तो मजकूर तेव्हाच्या एडिटरमध्ये मावेना. मग थॉम्पसन यांनी एडिटरमधला शोधण्याचा भाग काढून वेगळा प्रोग्राम केला. आजचे बरेच एजंट त्याच ग्रेपचा नातू वापरतात. त्याचं नाव रिपग्रेप, अँड्र्यू गॅलंट यांनी २०१६ मध्ये आणलेला. प्रचंड वेगवान! पण वेग येतो कुठून? एक कारण म्हणजे तो काही गोष्टी मुद्दाम बघतच नाही. गिटला ज्या फाइली वगळायला सांगितल्या आहेत त्या तो वगळतो, लपवलेले फोल्डर वगळतो, आणि मजकूर नसलेल्या बायनरी फाइलीही. कोड शोधणाऱ्याच्या दृष्टीने हे अगदी शहाणपणाचं आहे. कचऱ्यात कशाला हात घाला?

गेममध्ये मात्र गंमत अशी की कोड थोडा आणि बाकी सगळा संसार दुसराच. चित्रं, आवाज, थ्रीडी मॉडेल, फॉन्ट, नकाशे. या सगळ्याला रिसोर्स म्हणतात. १९९३ साली डूम आला तेव्हा हा सगळा संसार वॅड नावाच्या एका फाइलीत बांधलेला असायचा. सुरुवातीला बारा बाइटांचं डोकं, त्यात किती वस्तू आहेत आणि यादी कुठे आहे ते. यादीत प्रत्येक वस्तूला सोळा बाइट. जागा, आकार आणि जास्तीत जास्त आठ अक्षरांचं नाव. बस्स. आठ अक्षरांत भूतही बसवायचं आणि दरवाजाही. पण एक सुख होतं, यादी एकच आणि पूर्ण. यादीत नाही म्हणजे नाहीच.

आजच्या इंजिनांत तसं राहिलेलं नाही. युनिटीत प्रत्येक फाइलीला एक जोडीदार मेटा फाइल असते, त्यात बत्तीस अक्षरी ओळखक्रमांक. सीनमध्ये चित्राचं नाव नसतं, तो क्रमांक असतो. अनरियलच्या रिसोर्स फाइली बायनरी, त्यात साध्या मजकूर-शोधाला फारसं काही हाती लागत नाही. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला तो अनरियलवरच केलेला. त्यातले राजस्थानी वाडे आणि पहाडी शैलीची चित्रं बघताना मला आधी कौतुक वाटायचं. आता पहिला प्रश्न मनात येतो, यांनी एवढ्या फाइलींना नावं कशी दिली असतील हो?

आम्ही गोडो घेतला. फुकट आहे, २०१४ पासून मुक्त स्रोत आहे, आणि आमच्या लॅपटॉपवर चालतो (हे शेवटचं कारण सगळ्यात महत्त्वाचं). गोडोचे सीन साध्या मजकुरात असतात, हे एजंटच्या सोयीचं. पण एक चित्र टाकलं की त्याच्या शेजारी एक इम्पोर्ट फाइल तयार होते, आणि इंजिनाला लागणारं रूप एका लपवलेल्या फोल्डरात जाऊन बसतं, तेही नावापुढे भलंमोठं शेपूट लावून. म्हणजे एक नंदी टाकला की तीन जागी नंदी. शिवाय आमच्या ग्रुपमध्ये रोमनमध्ये नंदी लिहिण्याच्या चार पद्धती. कुणी एक ए, कुणी दोन, कुणी शेवटी आय, कुणी वाय. बैल एक, पासपोर्ट चार!

पहिला झटका जानेवारीत. आवाजाच्या फाइली जड म्हणून आम्ही त्या गिटमधून वगळल्या होत्या. सगळेच वगळतात. एजंटला सांगितलं, "पायऱ्यांवरचा आवाज दोन सेकंद उशिरा सुरू कर." त्याने शोधलं आणि अत्यंत नम्रपणे कळवलं की या प्रोजेक्टमध्ये एकही आवाजाची फाइल नाही, काळजी करू नये, मी तात्पुरत्या तयार करून देतो. आणि दिल्याही! बारा फाइली, प्रत्येकीत तीन सेकंदांची निखळ शांतता. रूमवर हसून हसून पुरेवाट झाली.

दुसरा झटका त्या 'पायऱ्या' शब्दाचाच. फाइल आहे, ठिकाणांच्या तक्त्यात नाव आहे, तरी आवाज वाजेना. एजंट म्हणे या नावाची फाइल नाही. आम्ही स्क्रीनवर दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून बघितली, डिट्टो सारखी. दोन रात्री गेल्या. शेवटी अक्षरांचे क्रमांक काढले तेव्हा उलगडा झाला. मराठीतला हा अर्धा 'ऱ' युनिकोडमध्ये लिहायच्या एकापेक्षा जास्त वाटा आहेत. एक, ०९३१ क्रमांकाचं स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला तिन्ही एकच, यंत्राला तीन वेगळे शब्द. फाइल मी लॅपटॉपवर टाइप केली होती, तक्ता मित्राने फोनवर. पहिल्या दोन वाटा प्रमाणित करण्याची सोय पायथनमध्ये तयार आहे, एका ओळीचं काम. तिसरीला ती सोय पुरत नाही, त्यासाठी नियम आपला आपण लिहावा लागतो. शाळेत बाईंनी शुद्धलेखनाला मार्क कापले तेव्हा वाईट वाटलं होतं. इथे तर शुद्ध लिहूनही कापले!

तिसरी वेळ मार्चमधली, आणि त्या वेळी कुणी हसलं नाही.

सबमिशनसाठी प्रोजेक्टचा आकार कमी करायचा होता. रात्रीचे दोन वाजलेले. एजंटला सांगितलं, कुठेच वापरात नसलेल्या फाइली शोध आणि काढून टाक. या वेळी वगळलेले फोल्डरही बघ असं आवर्जून सांगितलं होतं, त्यामुळे आवाज त्याला दिसले. मग त्याने प्रत्येक फाइलीचं पूर्ण नाव घेऊन सगळ्या सीनमध्ये आणि कोडमध्ये शोधलं. ज्याचा उल्लेख कुठेच नाही ते निरुपयोगी. तर्क बघा, चुकीचा म्हणता येणार नाही. फक्त आमच्या कोडमध्ये आवाजाचं पूर्ण नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. खेळणारा एखाद्या ठिकाणी पोहोचला की ठिकाण तक्त्यातून, क्रमांक मोजणीतून घेऊन नाव तिथल्या तिथे जोडलं जातं. गेम बनवणारे सर्रास असं करतात. एजंटने अहवाल दिला : ११८ फाइली वापरात नाहीत, कायमच्या काढायच्या का? होय की नाही?

माझा रूममेट कीबोर्डवर होता. तो यादी खाली सरकवत होता. जुनी चित्रं, डाउनलोड केलेली झाडं, कुणाचा तरी सेल्फी... आणि मधेच त्याने हात उचलला. "अरे, हे 'बाव' काय आहे? हे तुझ्या आजीचं ना?"

त्या ११८ मध्ये ४३ च्या ४३ होते.

आम्ही 'नाही' दाबलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एक जण खाली जाऊन चहा घेऊन आला आणि आम्ही वही काढून, एजंटने नेमकं काय केलं ते पहिल्या ओळीपासून वाचलं. वाचताना एक गोष्ट तिन्ही प्रसंगांत सारखी दिसली. पहिल्या वेळी तो त्या फोल्डरात गेलाच नव्हता. दुसऱ्या वेळी गेला, पण अक्षरं वेगळी म्हणून ओळख पटली नाही. तिसऱ्या वेळी फाइल दिसली, पण तिला हाक मारणारा कोड त्याच्या शोधण्याच्या पद्धतीत बसत नव्हता. कारणं तीन, आणि शोधण्याच्या हत्याराने तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं : शून्य. एजंटने त्या शून्याचा अर्थ 'नाही' असा लावला. त्याच्याकडे दुसरा अर्थ लावायला काही साधनच नव्हतं.

त्या रात्रीनंतरचे तीन आठवडे आम्ही गेम बाजूला ठेवला आणि शोधण्याचं हत्यारच लिहिलं. पायथनमध्ये, जेमतेम सहाशे ओळी. त्याचं नाव 'धुंडी' ठेवलं. ते काम असं करतं : आधी प्रोजेक्टमधल्या प्रत्येक रिसोर्सची यादी बनवतं, लपवलेले आणि वगळलेले धरून. तिन्ही जागचा नंदी एका नोंदीखाली आणतं. नावं प्रमाणित करून घेतं, 'ऱ'च्या तिन्ही वाटा एकत्र. चित्र असेल तर लांबी-रुंदी, आवाज असेल तर किती सेकंदांचा, हेही लिहून ठेवतं. सोबत शब्दांची एक छोटी वही आहे. 'विहीर' शोधलं तर 'बाव' दाखवायचं, 'पाणी' शोधलं तर 'पानी'. आणि कोडमध्ये कुठे नावं जोडून बनवली जात असतील तर ती जागा हुडकून त्या फोल्डरावर 'बहुधा वापरात' असा शिक्का मारतं. हा शेवटचा भाग अंदाजच आहे. म्हणून तिथे खात्रीचा शब्द वापरायचाच नाही असं ठरवलं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो उत्तर कसं द्यायचं यावर. एकाचं म्हणणं, जे जे सापडेल ते सगळं एजंटला द्या, तो बघून घेईल. तेव्हा लायब्ररीतल्या एका सिनिअरने प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा २०२४ चा एसडब्ल्यूई-एजंटवरचा पेपर वाचायला दिला. त्यांनी एजंटला ३०० प्रश्नांवर तपासलं. शोधण्याचं खास साधन न देता १५.७ टक्के सुटले. एकेक निकाल 'पुढचा, पुढचा' करत बघायचं साधन दिलं तर १२ टक्केच. म्हणजे साधन देऊन उलट वाईट! आणि सगळे निकाल एकत्र, पण थोडक्यात दाखवणारं साधन दिलं तेव्हा १८ टक्के. जास्त निकाल निघाले तर त्यांचं साधन सरळ सांगतं की प्रश्न नेमका करा. म्हणजे एजंट हुशार असून भागत नाही, त्याच्या हातात काय दिलं आहे त्यावरही बरंच ठरतं. वर्कशॉपमध्ये फायलिंग करताना बोथट कानस हाती आलेल्या कुणालाही हे पेपर न वाचता पटेल.

मग धुंडीचं उत्तर आम्ही तीनच प्रकारचं ठेवलं. 'सापडलं', आणि कुठे ते. 'बघितलं, नाही'. आणि 'बघितलंच नाही', त्याखाली कुठे बघितलं नाही त्याची यादी. एजंटला नियम दिला की तिसऱ्या उत्तरावर काहीही काढायचं नाही, आधी माणसाला विचारायचं. 'बहुधा वापरात' असेल तरी तेच. यानंतर पुन्हा साफसफाई केली तेव्हा ११८ च्या जागी ६१ फाइली निघाल्या. त्या आम्ही एकेक करून बघितल्या आणि मग काढल्या. सेल्फीसुद्धा गेला. त्याबद्दल संबंधित व्यक्ती अजून नाराज आहे.

व्हायवाला एक्सटर्नल सरांनी गेम पाच मिनिटं बघितला आणि धुंडीबद्दल पाऊण तास विचारलं. "इंडेक्स जुना झाला तर?" फाइल बदलल्याची वेळ तपासून तेवढीच नोंद पुन्हा करतो. "तुमचा गेम तेवढा मोठा नाही, मग एवढा खटाटोप कशाला?" याचं उत्तर मी देणार होतो, पण रूममेटच आधी बोलला, "सर, त्यातल्या ४३ फाइली पुन्हा बनवता येत नाहीत." सरांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

असो. मे महिन्यात गेम घरी नेला आणि आजीला दाखवला. टीव्हीला लॅपटॉप जोडून पायवाटेने चालायला लागलो. बावीपाशी तिचा आवाज आला तेव्हा ती माझ्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत राहिली. पुढे बांधावर मी चुकून डावीकडे वळलो, तर तिने चांगला हात वर करून उजवीकडे बोट दाखवलं. वाट तिला पाठ आहे. मी निमूटपणे वळलो.

आता ज्युनिअर मंडळींसाठी दोन शब्द. धुंडीचा कोड आपल्या डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये ठेवला आहे, हवा त्याने घ्यावा आणि सुधारावा. नावं जोडून बनवणारा कोड ओळखण्याचा भाग अजून कच्चा आहे, त्यात कुणाचं तरी एक अख्खं मिनी प्रोजेक्ट नक्की निघेल. फाइलींना नावं देताना ग्रुपमध्ये आधी एकमत करा. आणि पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा कुणाला तरी ओटीवर बसवून अर्धा तास बोलतं करा. रेकॉर्डिंग झालं की लगेच, त्यांच्या शेजारी बसूनच, कुठला तुकडा कशाचा ते विचारून लिहून घ्या. चार्जर विसरू नका.